परदेशी जाताना चलनाचा दर कसा वाचायचा? (पुण्याहून निघणाऱ्यांसाठी धागा)

कर्वेरोडकर

गूगलवर डॉलर ९० रुपये दिसतो. डेक्कनवरचा मनीचेंजर ९१.२० सांगतो. बँकेचं फॉरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन भरून न्यायचं प्रीपेड कार्ड) ९०.८५ ने भरलं जातं, आणि साध्या क्रेडिट कार्डावर खर्च केला तर बिलात तोच डॉलर ९४ च्या आसपास पडलेला असतो. यात कोणीच खोटं सांगत नाही. चार वेगळ्या सेवांचे हे चार दर आहेत आणि प्रत्येकाने आपला नफा वेगळ्या जागी ठेवलेला आहे. तो कुठे ठेवलाय हे शोधायचं कसं, यासाठी हा धागा. (दरांचे आकडे हिशोब कळावा म्हणून धरलेले आहेत. तुमच्या दिवसाचा दर घालून पुन्हा मांडा.)

गूगलवर दिसतो तो मधला दर. बँका आपापसात मोठे व्यवहार करतात, त्यातल्या खरेदी-विक्रीच्या दरांचा तो मध्य असतो. त्या दराने आपल्याला चलन सहसा मिळत नाही, पण मोजपट्टी म्हणून तोच वापरायचा. भारतातला अधिकृत आकडा हवा असेल तर एफबीआयएलचा (फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया या संस्थेचा) संदर्भ दर बघा. जुलै २०१८ पर्यंत तो रिझर्व्ह बँक जाहीर करायची, आता एफबीआयएल करते. कामकाजाच्या दिवशी दुपारी दीडच्या सुमारास डॉलर, युरो, पाउंड आणि येनचे आकडे येतात. येनचा भाव १०० येनला असतो. पाटीवर ५९ दिसलं तर १०,००० येनला ५,९०० रुपये. इंडोनेशियन रुपियाचाही भाव एका रुपियाला क्वचितच लिहितात, तेव्हा 'हा किती नगांचा भाव?' हे विचारूनच घ्या.

बँकेच्या दरपत्रकात बायिंग आणि सेलिंग असे रकाने असतात. ते बँकेच्या बाजूने लिहिलेले असतात. आपण डॉलर घेतो तेव्हा बँक विकते, म्हणून आपल्यासाठी सेलिंग. त्यातही टीटी सेलिंग हा खात्यातून खात्यात जाणाऱ्या पैशांचा दर असतो आणि करन्सी सेलिंग हा नोटांचा. नोटा बाहेरून आणायच्या, त्यांचा विमा काढायचा, तिजोरीत सांभाळायच्या, शिवाय पडून राहिलेल्या नोटांवर व्याज मिळत नाही. म्हणून नोटेचा दर नेहमी चढा असतो.

आता मुख्य गोष्ट. 'शून्य कमिशन' या पाटीला काही अर्थ नाही, कारण कमिशन दरात घातलेलं असतं. आणि नुसता कमी दर बघूनही भागत नाही. १,००० डॉलर नोटांत घ्यायचेत असं धरू:

पहिलं दुकान: दर ९१.२०, वेगळा आकार नाही. ९१,२०० अधिक जीएसटी १६४, एकूण ९१,३६४ रुपये.

दुसरं दुकान: दर ९०.८०, सेवाशुल्क ५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९०. चलनबदलावरचा जीएसटी १६३. एकूण ९१,५५३ रुपये.

दर दुसऱ्याचा चांगला, पण पैसे पहिल्याकडे कमी जातात. ३,००० डॉलर घेतले की उलटं होतं: पहिल्याकडे २,७३,९३६ आणि दुसऱ्याकडे २,७३,३२५. ५९० रुपयांचा ठोक आकार ४० पैशांच्या फरकातून भरून निघायला साधारण १,४७५ डॉलर लागतात. त्याच्या आत पहिलं दुकान स्वस्त, त्यापुढे दुसरं.

म्हणून फोनवर 'आज डॉलर काय भाव?' असं विचारू नका. असं विचारा: 'मला १,००० डॉलर हवेत, शंभराच्या नोटा. सगळं धरून माझ्या खात्यातून किती रुपये जातील?' आलेल्या रकमेला १,००० ने भागा. जो भाव येईल तोच तुमचा खरा दर.

चलनवलन

चांगला धागा. जीएसटीचे टप्पे इथे लिहून ठेवतो, कारण पावतीवर हा आकडा बघून लोक हमखास बुचकळ्यात पडतात. १८ टक्के संपूर्ण रकमेवर लागत नाहीत. आधी 'करपात्र मूल्य' काढतात आणि त्यावर १८ टक्के.

१ लाख रुपयांपर्यंत: रकमेच्या १ टक्का, पण किमान २५० रुपये. म्हणजे कर किमान ४५ रुपये आणि १ लाखावर १८० रुपये.
१ ते १० लाख: १,००० रुपये अधिक १ लाखावरच्या रकमेचा अर्धा टक्का.
१० लाखांच्या वर: ५,५०० रुपये अधिक वरच्या रकमेचा ०.१ टक्का, कमाल ६०,०००. म्हणजे कर जास्तीत जास्त १०,८०० रुपये.

विक्रेत्याला दुसरीही पद्धत घेता येते: त्याचा दर आणि संदर्भ दर यांतला फरक गुणिले नग, आणि त्यावर कर. पण सहसा टप्प्यांचीच पद्धत वापरली जाते. परत आल्यावर उरलेलं चलन विकतानाही हाच कर पुन्हा लागतो.

वेळेबद्दल. रुपया-डॉलरचा बँकांमधला बाजार सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ ते दुपारी साडेतीन चालतो. शनिवारी गूगलवर दिसतो तो शुक्रवारचाच दर असतो. बाजार बंद असताना सोमवारी भाव कुठे उघडेल ते चेंजरला माहीत नसतं, म्हणून तो सावधगिरीचा मार्जिन वाढवून दर सांगतो. कामाच्या दिवशी सकाळी ११ ते ३ मध्ये दर ठरवा, आणि ठरलेला दर किती वाजेपर्यंत पक्का हे विचारून त्याआधी पैसे पाठवा.

मृण्मयी_बाणेर

परदेशात कार्ड स्वाइप करताना मशीनवर 'रुपये की स्थानिक चलन' असं विचारतात. रुपये निवडले तर निदान आकडा तिथल्या तिथे कळतो. मग सगळे 'रुपये नको' का म्हणतात?

भांडारकर_रस्ता

मृण्मयीताई, आकडा कळतो हे खरं, पण तो आकडाच फुगवलेला असतो. याला डीसीसी (डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन) म्हणतात. रूपांतर तुमची बँक किंवा व्हिसा-मास्टरकार्ड करत नाही. दुकानदाराच्या बाजूची कंपनी स्वतःच्या दराने करते आणि त्यातला वाटा दुकानदारालाही मिळतो. म्हणून काउंटरवरचा माणूस रुपयांचा आग्रह धरतो.

हॉटेलचं २०० युरोचं बिल घ्या. मधला दर १०५ धरला तर खरी किंमत २१,००० रुपये.

युरोत भरलं, नेहमीचं क्रेडिट कार्ड: नेटवर्कचा (व्हिसा-मास्टरकार्डचा) दर १०५.३० धरला तर २१,०६०. बँकेचा मार्कअप (त्या रकमेवर बँक चढवते तो आकार) ३.५ टक्के म्हणजे ७३७, त्यावर जीएसटी १३३. एकूण २१,९३०.

युरोत भरलं, शून्य मार्कअपचं कार्ड: २१,०६०.

रुपयांत भरलं: मशीनवर २२,२५० दिसलं असं धरा. लोकांना वाटतं, चला, मार्कअप वाचला. पण दुकान परदेशातलं असल्यामुळे बऱ्याच बँका अशा रुपयांतल्या व्यवहारावरही १ टक्का आकार लावतात, अधिक जीएसटी. २६३ रुपये आणखी. एकूण २२,५१३. मधल्या दरापेक्षा ७ टक्क्यांहून जास्त भुर्दंड.

पर्याय विचारणं दुकानदारावर कार्ड कंपन्यांच्या नियमाने बंधनकारक आहे. तरी काही ठिकाणी काउंटरवालाच परस्पर रुपये दाबून मोकळा होतो. पिन टाकण्याआधी पडद्यावर कोणतं चलन आहे ते बघा. आयएनआर (म्हणजे रुपये) दिसलं तर पिन टाकू नका, व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा. सही झाल्यावर भांडणं अवघड जातं, कारण पावतीवर 'ग्राहकाने निवड केली' असं छापलेलं असतं.

एटीएमवर हेच जास्त फसवं आहे. पडद्यावर 'कन्व्हर्जन स्वीकारा' आणि 'कन्व्हर्जन नाकारा' अशी बटणं येतात. नाकारलं तर पैसेच मिळणार नाहीत असं वाटून लोक स्वीकारतात. नाकारल्याने व्यवहार रद्द होत नाही. पैसे येतातच, फक्त रूपांतर तुमच्या बँकेकडून होतं. युरोपात पर्यटकांच्या चौकात उभी असलेली स्वतंत्र कंपन्यांची एटीएम टाळा आणि बँकेच्या शाखेला लागून असलेलं मशीन शोधा.

परदेशी संकेतस्थळावर हॉटेल किंवा रेल्वेचं तिकीट काढताना 'किंमत रुपयांत दाखवा' असा पर्याय असतो, तिथेही हाच खेळ. स्थानिक चलन ठेवा.

मृण्मयी_बाणेर

समजलं, धन्यवाद. वाचनखूण साठवली. थायलंडमध्ये एटीएमने पैसे काढणं कितपत परवडतं?

भांडारकर_रस्ता

तिथल्या बँका परदेशी कार्डावर प्रत्येक वेळी साधारण २२० बाट घेतात. बाट २.८० धरला तर ६१६ रुपये. ५,००० बाट काढले तर नुसता हा आकारच ४.४ टक्के पडतो, २०,००० काढले तर १.१ टक्का. म्हणून लहान लहान रकमा काढू नका. त्यावर तुमच्या बँकेचा एटीएम आकार आणि मार्कअप वेगळा. क्रेडिट कार्डावर मात्र रोख कधीच काढू नका: साधारण अडीच टक्के कॅश ॲडव्हान्सचा आकार, आणि व्याज पहिल्या दिवसापासून. बिलाच्या तारखेपर्यंतची सवलत रोखीला नसते.

कोथरूडची_अनघा

फॉरेक्स कार्डाबद्दल लिहिते, कारण 'फॉरेक्स कार्ड सगळ्यात स्वस्त' हे सरसकट खरं नाही.

ते स्वस्त कधी? ज्या चलनात भरलं त्याच चलनात खर्च केला तर. युरो भरून जर्मनीत वापरलं की दर भरतानाच ठरलेला असतो, वर मार्कअप नाही. पण डॉलर भरलेलं कार्ड थायलंडमध्ये वापरलं तर डॉलरचे बाट होतात आणि त्यावर क्रॉस करन्सी आकार लागतो, अनेक कार्डांवर ३.५ टक्क्यांपर्यंत. रुपयाचे डॉलर करताना एकदा मार्जिन, डॉलरचे बाट करताना दुसऱ्यांदा. त्यापेक्षा साधं क्रेडिट कार्डही वाईट नाही. व्हिएतनामचा डोंग, इंडोनेशियाचा रुपिया ही चलनं आपल्याकडच्या कार्डांत बहुधा नसतात. आधी यादी बघा.

बहुचलनी कार्डात आणखी एक खाच आहे. दिरहमचं पाकीट (त्या चलनाची वेगळी शिल्लक) संपलं की यंत्रणा गुपचूप डॉलरच्या पाकिटातून पैसे घेते, पुन्हा आकार लावून. ॲपमधून पाकिटातून पाकिटात पैसे हलवले तरी दरात कापलं जातं. म्हणून पाच चलनं थोडी थोडी भरून ठेवण्यात काही हशील नाही.

कार्ड घेण्याआधी हे आकार लेखी मागा: कार्ड देण्याचा, पुन्हा भरण्याचा, एटीएममधून काढण्याचा, शिल्लक नुसती बघण्याचा, वापर नसेल तर महिन्याला कापला जाणारा, आणि उरलेले पैसे परत घेताना कोणता दर लावणार तो. शेवटचं कोणी विचारत नाही, आणि बराच पैसा तिथेच जातो.

जोडकार्ड मागून घ्या आणि दोन कार्डं दोन वेगळ्या बॅगांत ठेवा.

सदाशिव_३०

अनघाताई, मग शून्य मार्कअपचं क्रेडिट कार्ड असताना फॉरेक्स कार्ड हवंच कशाला? नेटवर्कचा दर मधल्या दराच्या अगदी जवळ असतो. फॉरेक्स कार्ड भरताना मात्र टक्काभर जातोच.

कोथरूडची_अनघा

खर्चाच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. तरी तीन ठिकाणी फॉरेक्स कार्ड लागतं. एक, रोख काढायला. दोन, क्रेडिट कार्ड नसलेल्यांना, म्हणजे बरेच विद्यार्थी आणि ज्येष्ठ. तीन, दर आधी पक्का करायचा असेल तर. क्रेडिट कार्डाचा दर ज्या दिवशी व्यवहार नोंदला जातो त्या दिवशीचा असतो, स्वाइपच्या दिवशीचा नसतो. दोन-तीन दिवस मागेपुढे होतात. रुपया घसरत असेल तर तो धोका तुमचा. फॉरेक्स कार्डाने धोका जातो, पण त्याला स्वस्ताई म्हणू नये.

माझं मत: मोठा खर्च शून्य किंवा कमी मार्कअपच्या क्रेडिट कार्डावर, रोखीपुरतं फॉरेक्स किंवा डेबिट कार्ड, आणि पहिल्या दोन दिवसांपुरत्या नोटा. हॉटेल आणि भाड्याच्या गाडीची अनामत फॉरेक्स कार्डावर कधीही देऊ नका. ती रक्कम अडकते आणि सुटायला कित्येकदा महिनाभर लागतो. तोवर प्रवास संपलेला असतो. बऱ्याच गाडीवाल्या कंपन्या तर प्रीपेड कार्ड घेतच नाहीत.

सदाशिव_३०

पटलं. आणखी एक: २०२० पासून नवीन कार्डं फक्त देशांतर्गत वापरासाठी चालू असतात. परदेशी वापर ॲपमध्ये जाऊन स्वतः चालू करावा लागतो, आणि दुकान, एटीएम, ऑनलाइन यांची बटणं वेगवेगळी असतात. मर्यादाही तिथेच ठरवता येते. हे निघण्याआधी घरी बसून करा. बाहेर गेल्यावर भारतीय सिमवर ओटीपी आला नाही तर पंचाईत होते, म्हणून एसएमएसपुरतं तरी रोमिंग चालू ठेवा. युरोपात तिकीट मशीन आणि स्वयंचलित पेट्रोलपंप पिनशिवाय चालत नाहीत. क्रेडिट कार्डाचा पिन पाठ असू द्या.

मुळाकाठ

दुबईला जाणाऱ्यांसाठी एक सोपा हिशोब. दिरहम डॉलरला बांधलेला आहे: १ डॉलर म्हणजे ३.६७२५ दिरहम, १९९७ पासून. त्यामुळे दिरहमचा मधला दर काढायला गूगल लागत नाही. डॉलर ९० असेल तर ९० भागिले ३.६७२५, म्हणजे २४.५१. पुण्यात कोणी २५.४० सांगितला तर तो ३.६ टक्के वर आहे.

आता तुलना करा. दिरहम इथेच २५.४० ने, जीएसटी धरून २५.४५. दुसरा मार्ग: इथे डॉलर घ्यायचे, कर्वेरोडकरांच्या पहिल्या दुकानाप्रमाणे सगळं धरून ९१.३६, आणि दुबईत शहरातल्या एक्स्चेंजमध्ये ३.६६ ने मोडायचे. ९१.३६ भागिले ३.६६ म्हणजे २४.९६. दोनदा बदलूनही स्वस्त, कारण डॉलरच्या नोटांची उलाढाल इतकी मोठी आहे की त्यावर मार्जिन कमी असतो. मात्र इथला चेंजर दिरहम २४.९० ने देत असेल तर डॉलरची यातायात करू नका.

सौदी रियाल ३.७५, कतारी रियाल ३.६४, हे असेच बांधलेले आहेत. ओमानी रियाल उलट भारी आहे: एका रियालला साधारण २.६० डॉलर. हाँगकाँग डॉलर ७.७५ ते ७.८५ च्या पट्ट्यात ठेवतात. नेपाळी रुपया १९९३ पासून आपल्या रुपयाला बांधलेला आहे, १०० ला १६०, आणि भूतानचा न्गुल्ट्रम एकास एक.

बाट, डोंग, रुपिया यांना हा नियम नाही, पण युक्ती तीच: इथे डॉलर घेऊन तिथे बदला. बँकॉकमध्ये विमानतळाच्या आगमनकक्षातल्या काउंटरपेक्षा शहरातल्या एक्स्चेंजचा दर चांगला असतो, आणि १०० डॉलरच्या नोटेला ५ किंवा १० च्या नोटेपेक्षा जास्त बाट मिळतात. पाटीवर नोटेनुसार वेगळे दर लिहिलेले असतात. भारतीय रुपयाच्या नोटा तिथे मोडायला नेऊ नका, दर फार वाईट मिळतो.

शनिवारपेठी

मुळाकाठकाका, नोटांच्या स्थितीबद्दलही सांगा ना. चेंजर जे देईल ते मोजून घेतो आपण, बघून घेत नाही.

मुळाकाठ

अगदी बरोबर मुद्दा. इंडोनेशिया, कंबोडिया या बाजूला डॉलरच्या नोटेवर पेनाची खूण, शिक्का, बारीक फाट किंवा खोल घडी असली तरी नाकारतात किंवा दर पाडतात. लहान चित्राच्या, म्हणजे १९९६ पूर्वीच्या मालिकेतल्या १०० च्या नोटा अमेरिकेत चालतात, बाहेर घ्यायला कोणी तयार नसतो. निळ्या पट्टीची, २०१३ पासूनचीच मागा. काउंटरवरच प्रत्येक नोट दोन्ही बाजूंनी बघा. बाहेर पडल्यावर बदलून मिळणार नाही. टिप आणि आगमनावेळच्या व्हिसा शुल्कासाठी थोड्या १, ५, १० च्या घ्या.

नातेवाइकांनी कधीकाळी दिलेल्या, कपाटात पडलेल्या नोटाही तपासा. ब्रिटनमध्ये कागदी पाउंड आता दुकानात चालत नाहीत. कागदी २० आणि ५० पाउंडांच्या नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर बंद झाल्या, ५ आणि १० च्या त्याआधीच. बँक ऑफ इंग्लंड त्या कायम बदलून देते, पण ते काम वेळखाऊ. स्वित्झर्लंडची जुनी आठवी मालिका ३० एप्रिल २०२१ ला मागे घेतली. ५०० युरोची नोट कायदेशीर आहे, पण दुकानदार हात लावत नाहीत. क्रोएशियाचा कुना २०२३ पासून आणि बल्गेरियाचा लेव्ह २०२६ पासून जाऊन तिथे युरो आला, तेव्हा इथे कोणी ती चलनं देऊ केली तर घेऊ नका.

चलनवलन

नियमांचं एकदा लिहून टाकतो.

चलन बँकेकडून किंवा रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या मनीचेंजरकडूनच घ्या. यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. पासपोर्ट, पॅन, तिकीट, लागत असेल तिथे व्हिसा, आणि ए-२ अर्ज (परकीय चलन घेण्याचा) लागतो. ५०,००० रुपयांच्या वरची रक्कम रोखीत देता येत नाही, खात्यातूनच गेली पाहिजे. 'पावतीशिवाय २० पैसे कमी' असं कोणी म्हणालं तर उठून या. पावती नसेल तर नोट खोटी निघाल्यावर दाद मागायला जागा नाही आणि तो फेमाचा (परकीय चलन कायद्याचा) भंगही आहे.

नोटांच्या रूपात एका प्रवासाला साधारण ३,००० डॉलरइतकंच चलन घेता येतं, काही देश सोडून, बाकीचं कार्डावर. वर्षाची एकूण मर्यादा एलआरएसखाली (परदेशी पैसे नेण्या-पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली) माणशी २,५०,००० डॉलर. भारतीय रुपये २५,००० पर्यंत बरोबर नेता-आणता येतात. परतताना ५,००० डॉलरपेक्षा जास्त नोटा, किंवा नोटा आणि बाकी सगळं मिळून १०,००० डॉलरपेक्षा जास्त असेल तर कस्टमकडे जाहीर करावं लागतं.

टीसीएस (विकणाऱ्याने तुमच्याकडून आगाऊ गोळा केलेला आयकर): १ एप्रिल २०२५ पासून आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपर्यंत नाही, वरच्या रकमेवर लागतो. ही बेरीज पॅनवर होते. दोन बँका आणि एक चेंजर असं विभागून उपयोग नाही. फॉरेक्स कार्ड आणि डेबिट कार्ड यात धरतात. परदेशात असताना क्रेडिट कार्डावर केलेला खर्च सध्या धरत नाहीत. टीसीएस बुडत नाही, २६एएस मध्ये (तुमच्या पॅनवर जमा कराच्या पत्रकात) दिसतो आणि विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर तुमचे पैसे अडकतात.

पौड_फाटा

टूर कंपनीने जायचं तर यातलं काय लागू? कोटेशनमध्ये '१,२०,००० रुपये अधिक १,५०० युरो' असं लिहिलेलं असतं.

कर्वेरोडकर

पुण्यात हे फारच चालतं. यातली युरोची रक्कम भरताना कंपनी जो दर लावते त्याला ते 'आरओई' (रेट ऑफ एक्स्चेंज) म्हणतात. हा दर गूगलचा नसतो. बँकेचा किंवा मनीचेंजरचा विक्री दर, किंवा कंपनीने स्वतः ठरवलेला. दोन रुपयांचा फरक १,५०० युरोवर ३,००० रुपये होतो, चौघांच्या कुटुंबाला १२,०००. म्हणून बुकिंग करताना लेखी घ्या: दर कोणाचा, कोणत्या तारखेचा (भरणा केला त्या दिवशीचा की निघण्याच्या आधीचा), आणि आपणच बाहेरून रीतसर चलन घेऊन दिलं तर चालेल का. टीसीएस टूर पॅकेजवर पहिल्या रुपयापासून लागतो, १० लाखांची सूट तिथे नाही. टीसीएसचे दर अर्थसंकल्पात बदलतात, त्यामुळे कोटेशनमध्ये तो वेगळ्या ओळीत मागा. दोन कंपन्यांची तुलना करताना दोन्हीकडचे युरो एकाच दराने रुपयांत आणा, मगच बेरीज.

भांडारकर_रस्ता

युरोपवाल्यांसाठी पुरवणी. स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक, चेक प्रजासत्ताकात कोरुना, हंगेरीत फोरिंट, पोलंडमध्ये झ्लॉटी. तिथे बऱ्याच पर्यटकी दुकानांत युरो घेतात, पण दर त्यांच्या मनाचा आणि सुट्टे स्थानिक चलनात. कार्ड वापरा.

प्रागमध्ये एक्स्चेंजच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहिलेला दर पुष्कळदा विक्रीचा असतो, म्हणजे तुम्हाला लागूच नाही, किंवा खूप मोठ्या रकमेसाठीचा. पैसे सरकवण्याआधी 'या १०० युरोचे किती कोरुना देणार?' हे कागदावर लिहून घ्या. तिथे २०१९ पासून एक चांगला कायदा आहे: १,००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करून पैसे परत मागता येतात, कारण द्यावं लागत नाही. पावती मात्र हवी.

शनिवारपेठी

यूपीआय परदेशात चालतं म्हणतात, त्याचा दर कसा असतो?

सदाशिव_३०

भूतान, नेपाळ, सिंगापूर, यूएई, मॉरिशस, श्रीलंका, फ्रान्स इथे ठरावीक दुकानांत चालतं, सगळीकडे नाही. ॲपमध्ये 'इंटरनॅशनल' आधी चालू करावं लागतं आणि तुमची बँक त्यात असावी लागते. पिन टाकण्याआधी रुपयांतली रक्कम पडद्यावर येते. तिला स्थानिक रकमेने भागून दर काढा आणि कार्डाशी ताडून बघा. कोणी फक्त यूपीआयच्या भरवशावर जाऊ नये.

पौड_फाटा

क्रेडिट कार्डाच्या बिलात लावलेला दर बरोबर आहे की नाही हे तपासायचं कसं?

चलनवलन

मूळ चलनातली रक्कम आणि रुपयांतली रक्कम दोन्ही बिलात असतात. भागाकार करा. मग व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या संकेतस्थळावर दर काढण्याची सोय आहे, तिथे व्यवहार नोंदल्याची तारीख घाला आणि बँक शुल्काच्या चौकटीत ० टाका. तो शुद्ध नेटवर्क दर. बिलात मार्कअप वेगळ्या ओळीत असेल तर भागाकार या दराशी जुळला पाहिजे. मार्कअप आत मिसळलेला असेल तर तितके टक्के वर असेल. ३.५ टक्क्यांचा मार्कअप जीएसटीसह ४.१३ होतो. त्याहून जास्त निघालं तर तारीख एक दिवस मागे-पुढे करून बघा, आणि तरी जुळलं नाही तर बँकेला लेखी विचारा.

परतावा आला तर तो परताव्याच्या दिवसाच्या दराने येतो, आणि कापलेला मार्कअप बहुधा परत मिळत नाही. २०० युरोची खोली रद्द करून 'पूर्ण परतावा' मिळाला तरी हजार-पंधराशे रुपये कमी आलेले असतात. ती चूक नसते.

शनिवारपेठी

आणि उरलेल्या चलनाचं?

मुळाकाठ

मुळात जास्त घेऊ नका. ९१.२० ने घेऊन ८८.६० ने विकलं की डॉलरमागे २.६० जातात. ५०० डॉलर उगाच नेऊन आणले तर १,३०० रुपये, अधिक दोन्ही वेळचा जीएसटी मिळून १६० च्या आसपास. नाणी इथे कोणी विकत घेत नाही. हॉटेलचं शेवटचं बिल भरताना नाणी आणि नोटा आधी द्या आणि उरलेलं कार्डावर, बरीच हॉटेलं असं विभागून घेतात.

परतल्यावर २,००० डॉलरपर्यंतचं चलन पुढच्या प्रवासासाठी जवळ ठेवता येतं. त्यावरचं १८० दिवसांत परत विकायचं असतं. लवकर पुन्हा जायचं असेल तर डॉलर आणि युरो ठेवा. बाट, रुपिया, डोंग मात्र त्याच देशात डॉलरमध्ये बदलून या, कारण पुण्यात त्यांना गिऱ्हाईक कमी आणि खरेदीचा दर फार पडतो. विकायला जाताना मूळ खरेदीची पावती आणि पासपोर्ट न्या, आणि दोन ठिकाणी 'हातात किती रुपये द्याल' हेच विचारा.